बेटावरून नवऱ्याला हाक कशी मारावी

लग्नानंतर मी बेटावर राहायला गेले असं सांगितलं की हल्लीच्या पोरी डोळे मोठे करतात. त्यांच्या डोळ्यांपुढे निळं पाणी, नारळाची झाडं आणि शहाळं हातात धरून बसलेली मी, असलं काहीतरी येत असावं. आमच्या बेटावर नारळाचं एकही झाड नव्हतं. वाळू होती, पण ती बहुतेक भातात सापडायची. आणि पाण्याचा रंग होता चहाचा, तोही दूध घातलेल्या.

गावाकडे माझ्या आईला कळलं की जावई पोरीला घेऊन बेटावर गेलाय, तेव्हा तिनं चुलीपुढे बसून गळा काढला. तिला ठाऊक असलेलं बेट एकच, काळ्या पाण्याचं, खुनी लोकांना नेऊन टाकायचं. जावयानं नेमका कुणाचा खून केला यावर गावात बराच काळ चर्चा चालली म्हणे. माझ्या चुलत्यांना तर अगदी खात्री होती, कारण त्यांना हे लग्नातच आवडले नव्हते. जेवताना दोनदा मठ्ठा मागितला, एवढाच यांचा गुन्हा.

खरी गोष्ट साधी होती. पिंपरीच्या वरच्या अंगाला पवना नदी एका ठिकाणी दोन फाट्यांत फुटायची आणि पुढे जाऊन पुन्हा एक व्हायची. मधला जमिनीचा तुकडा म्हणजे आमचं बेट. उन्हाळ्यात ते बेट आहे हे दुसऱ्यानं सांगावं लागायचं, पावसाळ्यात न सांगता कळायचं. त्या वर्षांत पिंपरी-चिंचवडला नवे कारखाने उभे राहायला लागले होते आणि महाराष्ट्रातला यच्चयावत बेकार पुरुष ट्रंक डोक्यावर घेऊन तिथं उतरत होता. निर्वासितांच्या वसाहतीत जागा नव्हती, गावठाणात जागा नव्हती, गोठ्यांतसुद्धा म्हशींच्या आधी माणसांची चौकशी होत होती. यांना कारखान्यात काम मिळालं, पण राहायला खोली मिळेना. शेवटी बेटावरच्या एका शेतकरीण बाईनं आपल्या घराला लागून असलेली पडवी दिली. हे मला घेऊन आले ते उन्हाळ्यात. नदीच्या पात्रातून चपला न भिजवता आम्ही चालत गेलो. हे बेट आहे, हा शब्दही यांनी तोंडातून काढला नाही. माणूस अबोल असला की लबाडी करायला फार सोपं जातं.

पण यांचीही एक बाजू होती, ती सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसती नवऱ्याला झोडपायला बसलीय. हे टेम्पररी होते. दिवाळीपर्यंत एकही खाडा न करता दाखव, मग कायम करू आणि कॉलनीत क्वार्टर देऊ, असं साहेबानं यांना सांगितलं होतं. खाडा झाला तर गेटावर उभ्या असलेल्या माणसांतला पुढचा आत, आणि हे बाहेर. गेटावर माणसं रोज उभी असायची. तेव्हा आम्हाला एकच करायचं होतं, एक पावसाळा नदीच्या मधोमध बसून काढायचा आणि रोज भोंग्याआधी यांना पलीकडे पोचवायचं. हे म्हणाले, त्यात काय अवघड आहे? आम्ही दोघंही नगरकडच्या दुष्काळी माळावरचे. नदी म्हणजे काय असतं हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

माझं माहेर पाण्याच्या नावानं शंख असलेलं गाव. आंघोळ करायची ती परातीत बसून, त्या पाण्यात भांडी, आणि भांड्यांचं पाणी लिंबाच्या रोपाला, हे मला पाळण्यात शिकवलेलं. ती सवय घेऊन मी बेटावर आले आणि पहिल्याच आठवड्यात घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायला लागले. हंडे, कळशा, तपेली, पातेली, डाव्या हाताचा तांब्यासुद्धा. संध्याकाळी सगळं काठोकाठ भरलेलं असल्याशिवाय मला झोप यायची नाही. स्वयंपाकाला रिकामं भांडं उरायचं नाही म्हणून एकदा मी आमटी लोट्यात केली. दोन्ही बाजूंनी नदी वाहतेय आणि मधे मी पाणी साठवून बसलेय, हे बघायला घरमालकीण आपल्या माहेरच्या बायका घेऊन आली होती. त्यांनी पदर तोंडाला लावून हसून घेतलं. मी त्यांना चहा दिला नाही.

ही मालकीण म्हणजे आक्का. पन्नाशीची, काटक, जन्मानं देहूची. देहूची असल्यामुळे तिच्या दृष्टीनं जगात नदी एकच, इंद्रायणी. पवनेला ती नावानं हाकही मारत नसे, नुसतं 'ही' म्हणायची, सवतीला म्हणावं तसं. तिचा नवरा नदीतच गेला होता, बऱ्याच वर्षांपूर्वी. कसा गेला, हे तिथं कुणी बोलत नसे आणि विचारायची सोय नव्हती. तिच्यासोबत तिचा दीर राहायचा, त्याला सगळे मामा म्हणायचे. कुणाचे मामा हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं म्हणजे 'काहील आनली का?' आणि 'आनली', एवढंच.

काहील म्हणजे काय, हे सांगायला हवं. गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची ती भली मोठी लोखंडी कढई. तीत गूळ करायचा सोडून हे लोक पावसाळ्यात तिच्यात बसून नदी ओलांडायचे. मामा उभे राहून बांबू मारायचे आणि ती पुढे जायची. नुसती पुढे गेली असती तर माझी काही तक्रार नव्हती. ती गोल फिरत पुढे जायची. बसताना चिंचवडकडे तोंड, मधे देहूरोडकडे पाठ, उतरताना कुठं आहोत याचा पत्ता नाही. पहिल्यांदा बसले तेव्हा मी सगळ्या देवांना नवस बोलून घेतले. पलीकडे पोचल्यावर ते नवस फेडायचे म्हणजे आयुष्य गेलं असतं, म्हणून मी मनातल्या मनात सगळे परत घेतले. देवांनीही काही मनावर घेतलं नाही.

यांची तऱ्हा माझ्याहून वाईट. कारखान्यात लोखंडाची धुडं उचलणारा हा माणूस काहिलीत बसला की डोळे गच्च मिटायचा आणि जेवणाचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरायचा. बुडालो तर डबा तरी वाचावा, असा काही हिशेब असावा. पाणी उतरलं की मात्र यांना काहील नको. मग ते उताराने जायचे. पात्र रुंद होतं पण उथळ होतं अशा एका जागी मोठे धोंडे टाकलेले होते, त्यांवरून पाय ठेवत, गुडघाभर पाण्यातून पलीकडे जायची ती वाट. पाय जमिनीला लागतोय एवढं यांना पुरायचं. मधोमध एक पांढरा धोंडा होता. तो पाण्यावर दिसत असेल तर उताराने जायचं, तो बुडला तर काहील. नदीबद्दल आम्हा दोघांना तेवढंच एक ज्ञान होतं आणि आम्ही त्याला फार मान द्यायचो.

बाकी बेटावर संसार करणं म्हणजे एकेका वस्तूचा अंत्यविधी बघणं. आधी मीठ गेलं. बरणीत ठेवलेलं मीठ सकाळी बघावं तर खारं पाणी. मग काड्यापेटी गेली. मग माझे पापड गेले, आणि तिथं मात्र मी रडले. माहेरी आमच्या पापडाचं नाव होतं. माळावरच्या उन्हात वाळवलेले, हातात धरले की कडकड वाजणारे ते पापड मी डबा भरून आणले होते. बेटावरच्या दमट हवेनं त्यांची अशी गत केली की तळायला घेतला तर तो कढईत चादरीसारखा घडी घालून पडला. यांच्या बुटांवर हिरवी बुरशी आली, लग्नातल्या शालूवर पांढरी आली, आणि देवघरातल्या बाळकृष्णावर एक बारीक बेडूक येऊन बसला, तो हाकलला तरी जाईना. शेवटी मी दोघांवरही हळदकुंकू वाहायला लागले. खेकडे तर पडवीतून आत येऊन चुलीपर्यंत जायचे आणि परत जायचे, जसे काही भाडं तेच देत होते. आणि अळू! दारात अळू, परसात अळू, बांधावर अळू. अळूची भाजी, अळूवड्या, अळूचं फदफदं, आणि पुन्हा अळू. हे जेवायला बसले की आधी ताटाकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि मुकाट घास घ्यायचे. एकदा म्हणाले, आज काय केलंय? मी म्हटलं, वेगळं काहीतरी. आणि पानं जरा मोठी चिरली होती ती वाढली.

वेगळं काही हवं तर ते पलीकडून आणायला लागायचं, आणि इथं हाकेचा प्रश्न सुरू झाला. हे पहिल्या पाळीला जायचे आणि दुपारी भोंगा झाला की परत यायचे. सकाळी पलीकडे गेले की मला हमखास काहीतरी आठवायचं. कांदे संपलेत. रॉकेल संपलंय. मग मी काठावर उभी राहून ओरडायचे, 'अहो! अहो, ऐकलं का!' आता विचार करा. पलीकडच्या काठावर पहिल्या पाळीला निघालेले दहा पुरुष आहेत आणि प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा 'अहो' आहे. सगळे वळून बघायचे. एकदा पुढच्या वाडीतला एक भला माणूस खरंच संध्याकाळी कांदे घेऊन आला. वळायचे नाहीत ते एकटे हे. यांच्या लवकरच लक्षात आलं की वळून बघितलं तर बाजार करायला लागतो. म्हणून न वळताच एक हात वर करून हलवायचे, ऐकलं ऐकलं असं, आणि चालू लागायचे. येताना हात हलवत रिकामे यायचे. विचारलं तर म्हणायचे, नदीच्या आवाजात काही कळलं नाही.

नावानं हाक मारली असती तर प्रश्नच नव्हता. पण नवऱ्याचं नाव! लग्नात एकदा उखाण्यात घेतलं होतं, ते शेवटचं. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेते ती दोन ओळींच्या आडून, सगळ्यांनी आग्रह केल्यावर, लाजत, आणि तेवढंच. एरवी नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं असं सांगायचे. मी कधीकधी यांचा तो हलणारा हात बघून मनात म्हणायचे, थोडं कमी झालं तरी चालेल.

आणि आक्का या बाबतीत भारी कडक. मी एकदा सहज म्हटलं की शहरातल्या शिकलेल्या बायका म्हणे नवऱ्याला सरळ नावानं बोलावतात, तर तिनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी भाकरी थापायला उठले. तिनं आपल्या नवऱ्याचं नाव कधीच घेतलं नव्हतं, तो असताना नाही आणि गेल्यावरही नाही. त्याचं नाव एका वारावरून ठेवलेलं होतं म्हणून ती त्या वाराचंही नाव घेत नसे. आठवड्यातला तो एक दिवस तिच्या तोंडी 'बाजाराच्या दुसऱ्या दिशी' असा यायचा. बाजार कुठल्या वारी असतो हे नवीन माणसाला माहीत नसेल तर मोठा घोटाळा. भाडं कधी द्यायचं विचारलं तर ती म्हणायची, बाजाराच्या दुसऱ्या दिशी, आणि मी बोटं मोजत बसायचे. माझ्या मनात एकदा येऊन गेलं की बाई, तुम्ही आयुष्यात एकदाही नाव घेतलं नाहीत, तरी तुमचं माणूस गेलंच की. अगदी जिभेवर आलं होतं. कसं गिळलं ते माझं मला माहीत.

श्रावणात चांगली उघडीप पडली. पाणी उतरलं, पांढरा धोंडा वर आला, मामांनी काहील पलीकडच्या काठावर पालथी घालून ठेवली आणि ते तिकडेच कुणा पाहुण्यांकडे जाऊन बसले. हे उताराने जाऊयेऊ लागले. त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं, आणि झालं ते अळूवरून. हे म्हणाले की माणसाच्या पोटात आता अळूचं रोप येईल. मी म्हटलं, काठावर उभी राहून घसा फोडते तेव्हा हात हलवता, मग अळूच खा. हे डबा न घेता गेले. हे पलीकडे पोचले तेव्हा मी हाक मारली, डबा राहिला म्हणून. यांनी न वळता हात हलवला.

दुपारी लखलखीत ऊन पडलं होतं. मी सगळ्या ओल्या गोधड्या वाळत टाकल्या आणि भांडी घेऊन बेटाच्या वरच्या टोकाला गेले. तिथून नदीचं वरचं वळण दिसायचं. भोंगा होऊन गेला होता. भांडी घासताना माझ्या हातापाशी पाणी लालसर झालं. आधी वाटलं, भांड्यांची माती आहे. मग काटक्या आल्या, पालापाचोळा आला, पिवळा फेस आला. एक भांडं पाण्यानं माझ्या देखत उचलून नेलं. मी वर बघितलं तर वळणावर पाण्याची एक ओळ दिसली, आजूबाजूच्या पाण्याहून उंच, आणि तीत एक आख्खं झाड मुळांसकट उभं आडवं होत येत होतं. इथं ऊन, आणि वर मावळात कुठं तरी ढग फुटलेला. हे असं होतं असं आक्का सांगायची. मला वाटायचं, घाबरवायला सांगते.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. भांडी तिथंच टाकून मी उताराकडे धावत सुटले. उतार बेटाच्या खालच्या अंगाला, झाडीच्या आड. पलीकडच्या काठावरून वरचं वळण दिसत नाही. तिथं बाभळीखाली पाळीवरून सुटलेले चार जण विड्या ओढत बसले होते आणि हे, बूट गळ्यात अडकवून, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून, पहिल्या धोंड्यावर पाय ठेवत होते.

मी ओरडले, 'अहो!'

बाभळीखालच्या चारही जणांनी वळून बघितलं. यांनी मान खाली ठेवूनच एक हात वर केला आणि हलवला. दुसऱ्या धोंड्यावर पाय ठेवला.

मी 'अहो, येऊ नका, पाणी आलंय' असं काहीबाही किंचाळले. पुन्हा हात हलला. सकाळचं भांडण, रोजचे कांदे, रोजचं रॉकेल, सगळं त्या एका हातात होतं. मी हातवारे केले तर यांनी बघितलंच नाही, कारण हे पायाखालचे धोंडे बघत होते, आणि पाण्याला भिणारा माणूस दुसरीकडे बघत नाही. तिसरा धोंडा. पांढऱ्या धोंड्यापर्यंत आले की संपलं, एवढं मला दिसत होतं.

नाव घ्यायचं होतं. नुसतं नाव, दीड शब्दाचं. मी तोंड उघडलं आणि ते येईना. देवाशप्पथ सांगते, येईना. घशाशी येऊन अडकलं, लहानपणापासून तिथं जे कुलूप लावलेलं होतं ते निघेना. ते नाव माझ्या तोंडातून एकदाच आणि एकाच वाटेनं बाहेर पडलेलं होतं. मग मी त्याच वाटेनं गेले. काठावर उभी राहून, पदर पडलेला, हाताला राख, जीव खाऊन ओरडले:

'माळावरच्या बोरीला बोरं आली गोड,
...रावांच्या जोडीला नाही कुठं तोड!'

टिंबांच्या जागी नाव होतं. आख्खं, रावसकट. इथं लिहीत नाही, कारण सवय ती सवय.

हे जागच्या जागी थांबले. एक पाय धोंड्यावर, एक पाय पाण्यात. मान वर झाली. आणि बाभळीखालचे ते चौघं, मेले, लग्नात बसल्यासारखे ओरडले, 'वा! वा! परत एकदा, वहिनी!'

आता हे काय विचार करत होते ते मला नंतर सांगितलं. यांना वाटलं, मला वेड लागलं. आणि त्याहून जास्त यांना लाज वाटली. कारखान्यातल्या माणसांपुढे आपली बायको भर दुपारी नदीवर उखाणा घेतेय, उद्या पाळीवर तोंड कसं दाखवायचं? पूरबिर यांच्या डोक्यातही नव्हता. त्या चौघांना गप्प करावं म्हणून हे लाल तोंडानं मागे वळले आणि तीन धोंडे ओलांडून काठावर गेले. मी जोरात पुन्हा उखाणा सुरू केला. दुसऱ्या वेळी तो जरा बरा जमला.

हे काठावर चढले आणि पाणी आलं. आवाज आधी आला, मग पांढरा धोंडा दिसेनासा झाला, मग बाकीचे, मग ते झाड उताराच्या जागेवरून आडवं सरकत गेलं, जिथं एव्हाना हे असते. बाभळीखालचे चौघं उठून उभे राहिले. कुणी वा म्हटलं नाही. हे तिथंच चिखलात बसले, गळ्यात बूट तसेच. मधे एवढी मोठी नदी झाली होती की मी काही ओरडून उपयोग नव्हता. यांनी दोन्ही हात वर केले आणि तसेच धरून ठेवले. या वेळी हलवले नाहीत. माझा जीव भांड्यात पडला आणि मी वाळूत बसून मोठ्यानं रडायला लागले.

त्या पुरानं बेट बरेच दिवस तोडून ठेवलं. काहीलसुद्धा पाण्यात घालता येईना. हे पलीकडे त्या चौघांपैकी एकाच्या खोलीवर राहिले आणि रोज भोंग्याआधी गेटावर हजर. ओलांडून बेटावर आले असते आणि वाचले असते तरी इथं अडकून पडले असते आणि नोकरी गेली असती. खाडा एकही झाला नाही. दिवाळीला हे कायम झाले, क्वार्टर मिळालं, तिथं पाण्याचा नळ होता आणि मी पहिल्याच संध्याकाळी सगळी भांडी भरून ठेवली. कारखान्यात मात्र यांना पुढे कितीतरी वर्षं कुणी नावानं हाक मारली नाही. 'काय, गोड बोरं?' असंच विचारायचे.

पण ते पुढचं. त्या दुपारी मी रडून उठले तर मागे आक्का उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी मनाशी म्हटलं, आता ही मला सोलणार, आणि सोलू दे, माझं माणूस काठावर बसलंय. आक्कानं माझ्या गोधड्या गोळा केल्या, मला घरात नेलं, चुलीवर चहा ठेवला. मीठ विरघळायचं तशी साखरही विरघळलेली होती, ती ओतून घातली. कप माझ्यापुढे सरकवला आणि उंबऱ्यावर जाऊन नदीकडे तोंड करून बसली. तिकडे बघतच म्हणाली.

'मी बी तितंच हुबी व्हते. अवं, अवं करीत. ते हात हालवीत आलं. त्यास्नी वाटलं, मीठ आना म्हणून सांगतीया.'

मी कप खाली ठेवला. तिच्या शेजारी उंबऱ्यावर जाऊन बसले. तिनं विचारलं, नाव घेताना जीभ अडली का? मी म्हटलं, हो, फार अडली. ती म्हणाली, 'व्हय. अडतीया.' मग आम्ही दोघी नदी बघत बसलो, ती ओसरत नव्हती.

पाणी उतरल्यावर मामा काहील घेऊन आले, आणि तीत हे, डोळे मिटून, रिकामे हात छातीशी धरून. उतरताना मला म्हणाले, कांदे आणायचे राहिले. मी म्हटलं, असू दे. मामा काहिलीतच उभे होते. इतके दिवस पाहुण्यांकडे राहून त्यांचा वारांचा मेळ गेला होता. त्यांनी विचारलं, वयनी, आज वार कोन्ता? बाजार झाला का व्हायचा हाय?

आक्का अंगण सारवत होती. तिनं मान वर केली नाही, हातही थांबवला नाही. त्या वाराचं नाव घेतलं, आपण सगळे घेतो तसं, सरळ.

मामा काहील बांधायला विसरले.